कॉलऱ्याच्या जंतूवरची साखर: विदर्भातल्या बी.एस्सी.च्या मुलामुलींसाठी अनुभवाचे चार शब्द

पावसाळा लागला आणि एखाद्या गावात हगवण-ओकारीचे पेशंट वाढले, की पीएचसीतून शौचाचे आणि पाण्याचे नमुने जिल्ह्याला जातात. तिथून एका ओळीचा अहवाल येतो: व्हिब्रिओ कॉलरी ओ-१, एल टॉर, ओगावा. कॉलरा आहे एवढं कळलं की गावात धावपळ सुरू होते. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं, जलसुरक्षक पाण्यातलं क्लोरीन पाहणारी ओटी टेस्ट घेत फिरतो, आशाताई घरोघर ओआरएसची पाकिटं देतात. शेवटच्या 'ओगावा'पाशी सहसा कोणी थांबत नाही. माझं शिक्षण आणि आता पोटापाण्याचं काम त्या 'ओगावा'भोवतीच चाललं आहे. जंतूच्या अंगावर साखरेची एक लांब साखळी असते, तिच्या टोकाच्या साखरेवर एक मिथिल गट लागलेला आहे, एवढंच तो अहवाल सांगत असतो. मिथिल नसेल तर तोच जंतू 'इनाबा'.

तालुक्याच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. करणारी मुलं मला सारखी विचारतात, संशोधनात जायचं तर सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी अख्खा अभ्यासक्रम पालथा घालू आणि मग संशोधनाकडे वळू, असं करू नका. एक रेणू धरा. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न सोडवत चला, अभ्यासक्रम आपोआप मागे येतो. मी कॉलऱ्याची ही टोकाची साखर धरली. तुम्ही दुसरं काही धरा, पण ही कशी धरायची ते आधी दाखवते.

मी दर्यापूर तालुक्यातली, खारपाणपट्ट्यातली. आमच्याकडे पाणी हा रोजच्या बोलण्यातला विषय. गावाच्या शिवेवर मरीमायचं ठाणं आहे. आजी सांगायची, पटकी आली की लोक घरं सोडून शेतात राहायला जात आणि कोणाच्या घरी रडणं ऐकू आलं तरी तिकडे फिरकत नसत. हे सगळं जुनं झालं असं आम्हाला वाटायचं. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत विहिरीच्या दूषित पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसं दगावली, तेव्हा ते वाटणं गेलं. ज्या जिल्ह्याचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाने आहे तिथली ही गोष्ट. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी परदेशी जर्नलातला कधीच नव्हता.

आता रेणूकडे वळू.

कॉलऱ्याचा जंतू ग्रॅम-निगेटिव्ह आहे. त्याच्या बाहेरच्या पडद्यात लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, रोवलेलं असतं. त्याचे तीन भाग. तळाशी लिपिड-ए, ते चरबीच्या शेपट्यांनी पडद्यात घट्ट बसतं. त्यावर गाभ्यातल्या काही साखरा. आणि त्याच्याही वर, पाण्यात बाहेर आलेली लांब साखळी, जिला ओ-अँटिजेन म्हणतात. ज्वारीचं ताट डोळ्यांपुढे आणा: मुळं जमिनीत, बुडखा जाड, आणि वर एकासारखं एक पेर. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती वरून पाहते, म्हणून तिला आधी शेंडा दिसतो.

या जंतूचे दोनशेहून जास्त सेरोग्रुप, म्हणजे अँटिबॉडीने वेगळे ओळखता येणारे गट, माहीत आहेत. त्यांच्यात मुख्य फरक या वरच्या साखळीचाच. पण मोठ्या साथी आणल्या त्या दोघांनीच, ओ-१ आणि ओ-१३९. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसीहून जी सातवी जागतिक साथ निघाली आणि अजून संपलेली नाही, ती ओ-१ च्या एल टॉर या उपप्रकाराची.

ओ-१ ची साखळी विलक्षण साधी आहे. एकच साखर पुन्हा पुन्हा, साधारण १२ ते १८ वेळा. तिचं नाव डी-पेरोसामीन. कागद घ्या आणि डी-मॅनोज काढा, खुर्चीच्या आकारात. सहाव्या कार्बनवरचा ओएच काढून टाका, तिथे नुसता सीएच३ राहिला. चौथ्या कार्बनवरचा ओएच काढून तिथे एनएच२ बसवा. झालं पेरोसामीन: ४-अमिनो-४,६-डायडीऑक्सी-डी-मॅनोज. जंतू त्या एनएच२ ला मोकळं ठेवत नाही. त्यावर चार कार्बनचं एक आम्ल अमाइड बाँडने जोडतो, ३-डीऑक्सी-एल-ग्लिसरो-टेट्रॉनिक आम्ल. नाव लांबलचक, पण नीट पाहिलं तर ते २,४-डायहायड्रॉक्सीब्युटॅनोइक आम्लच आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा ते काढू शकतो.

हे एकक पुढच्या एककाला जोडलं जातं ते अल्फा १→२ बाँडने. म्हणजे एकाचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या दुसऱ्या कार्बनवरच्या ऑक्सिजनला. इथे जरा थांबा, कारण सगळी मजा इथे आहे. मधल्या प्रत्येक साखरेचा क्रमांक दोनचा ऑक्सिजन साखळीत गुंतलेला आहे. तो मोकळा राहतो फक्त एकाच ठिकाणी, अगदी टोकाच्या साखरेवर. इनाबात तिथे ओएच असतो, ओगावात ओसीएच३. ही जोडणी करणारं एन्झाइम डब्ल्यूबीईटी नावाच्या जनुकावरून बनतं. त्या जनुकात बिघाड झाला की एन्झाइम बनत नाही किंवा काम करत नाही, मिथिल लागत नाही आणि ओगावाचा इनाबा होतो. साथीच्या काळात असे बदल खरंच होतात. हिकोजिमा नावाचा तिसरा, दुर्मिळ प्रकार आहे, त्याच्यावर दोन्ही तऱ्हेची टोकं सापडतात.

वजनाचा हिशेब करून पाहा, हाताने. पेरोसामीन १६३, आम्ल १२०. दोन बाँड बनताना दोन पाणी जातात. प्रत्येक एककाचं वस्तुमान येतं २४७. पंधरा एककांची साखळी धरली तर ३७००च्या आसपास. ओगावाचं मिथिल त्यात किती भर घालतं? १४. पण अँटिबॉडीला या चौदाचा फरक कळतो. प्रयोगशाळेत काचपट्टीवर जंतूचा थेंब आणि ओगावाचा अँटिसिरम (त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडी असलेला द्राव) एकत्र करतात, गुठळ्या झाल्या की तो ओगावा. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ रोज जे करतो ते एका मिथिल गटाचं परीक्षण आहे. २००० साली अशा एका अँटिबॉडीच्या तुकड्याची, टोकाच्या साखरेसकट, स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. त्यात ते मिथिल अँटिबॉडीच्या, पाण्याला दूर ठेवणाऱ्या एका खोबणीत बसलेलं दिसतं. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही वाचलं नाही.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. कॉलऱ्याचा पेशंट वाचतो तो पाणी आणि क्षार वेळेवर मिळाल्याने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, दिलीप महालनबीस यांनी ओआरएस देऊन ते दाखवून दिलं. आजही मेळघाटातल्या आजारी माणसाला साखरेची रचना सांगून काही उपयोग नाही. रचनेचा उपयोग त्याच्या आधी होतो. एकदा कॉलरा होऊन गेलेल्या माणसाच्या रक्तात जंतू मारणाऱ्या ज्या अँटिबॉडी तयार होतात, त्या मुख्यतः या एलपीएसच्या विरुद्ध असतात. लस घ्या, निदान घ्या, सगळं या साखळीशी येऊन टेकतं.

१९९२ मध्ये हे फार कठोरपणे कळलं. मद्रासेत कॉलऱ्यासारखीच साथ आली, पण जंतू ओ-१ च्या अँटिसिरमला दाद देईना. पुढे ती बंगाल, बांगलादेशापर्यंत गेली. ज्या भागात मोठी माणसं लहानपणापासून ओ-१ शी झुंजून सरावलेली होती, तिथे तीच मोठी माणसं आजारी पडू लागली. हा ओ-१३९. आतला जंतू जवळपास तोच एल टॉर, विषही तेच. साखरेचं आवरण मात्र पूर्ण बदललेलं: ओ-१ ची साखळी बनवणारी जनुकं गेली होती आणि दुसरीच आली होती. पेरोसामीन नाही. त्याजागी कोलिटोज, म्हणजे ३,६-डायडीऑक्सी-एल-गॅलॅक्टोज, शिवाय गॅलॅक्टुरोनिक आम्ल, एन-ॲसिटिलक्विनोव्होसामीन, आणि गॅलॅक्टोजच्या चौथ्या-सहाव्या कार्बनवर वळसा घेऊन बसलेला फॉस्फेट. साखळी आखूड, पण वर त्याच साखरांचं कॅप्सूल. ओ-१ विरुद्धच्या अँटिबॉडीला तिथे धरायला काही नव्हतं. सध्या ओ-१३९ फारसा दिसत नाही. पण कोणाला 'साखरेच्या रचनेने काय फरक पडतो?' असं विचारावंसं वाटलं, तर त्याला १९९२ सांगा.

आता ही रचना ठरवतात कशी, ते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुम्हाला पुढे हेच काम करायचं आहे.

आमच्या प्रयोगशाळेत जिवंत कॉलरा येत नाही. सूक्ष्मजीवशास्त्राची सोय असलेली सहकारी संस्था जंतू वाढवते, मारते आणि सुकवून भुकटी पाठवते. रसायनाच्या विद्यार्थ्याने याच क्रमाने काम करावं, धाडस दाखवू नये. भुकटीतून एलपीएस काढायची जुनी आणि अजून टिकलेली पद्धत म्हणजे गरम फिनॉल-पाणी. साधारण ६८ अंशांवर दोन्ही एकजीव होतात, थंड केल्यावर वेगळे होतात. प्रथिनं फिनॉलकडे जातात, एलपीएस पाण्याकडे. गरम फिनॉल कातडी जाळतो आणि जळताना बधिरही करतो, त्यामुळे लागलंय हे उशिरा कळतं. हातमोजे, चष्मा, फ्यूमहूड यात तडजोड नको. मग डायलिसिस, उरलेलं आरएनए आणि प्रथिनं एन्झाइमने खाऊन टाकणं, अल्ट्रासेंट्रिफ्यूज. त्यानंतर एक टक्का ॲसेटिक आम्लात १०० अंशांवर तापवलं की गाभा आणि लिपिड-ए यांच्यामधला नाजूक बाँड तुटतो, चरबी खाली बसते आणि साखळी पाण्यात मोकळी होते. हा बाँड केडीओ नावाच्या आठ कार्बनी साखरेचा.

केडीओवरून एक गोष्ट सांगते. बरीच वर्षं असं मानलं जात होतं की व्हिब्रिओंमध्ये केडीओ नसतंच, कारण त्याची नेहमीची रंगाची चाचणी यायची नाही. होतं असं की या जंतूच्या केडीओवर एक फॉस्फेट बसलेला होता आणि त्यामुळे चाचणीची अभिक्रियाच घडत नव्हती. साखर तिथेच होती. 'चाचणी निगेटिव्ह' आणि 'पदार्थ नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, हे तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

साखळी हातात आली की कुठली साखर, ते पाहायचं. आम्लात तोडून, अल्डिटॉल ॲसिटेट (साखरेचं वाफ होऊ शकणारं रूप) बनवून जीसी-एमएसवर, म्हणजे घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, चढवतात. ४-अमिनो साखरा तीव्र आम्लात नीट टिकत नाहीत, म्हणून नुसत्या या आकड्यांवर विसंबू नये. कुठला कार्बन जोडणीत आहे हे शोधायला सगळे मोकळे ओएच मिथिल करून टाकतात आणि मग साखळी तोडतात. ज्या जागी मिथिल नाही ती जागा जोडणीत होती. पण ओगावाच्या टोकाला मुळातच मिथिल आहे! मग आपण लावलेलं कुठलं आणि जंतूने लावलेलं कुठलं? उपाय असा की मिथिल आयोडाइडऐवजी ड्युटेरिअमचं मिथिल आयोडाइड वापरायचं. आपण लावलेलं प्रत्येक मिथिल वजनाने ३ ने जड, जंतूचं हलकं. मास स्पेक्ट्रममध्ये दोघे वेगळे पडतात. आयसोटोपचा धडा 'परीक्षेला एक मार्काचा' म्हणून सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि मग एनएमआर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या अणूंचे सिग्नल वाचायची पद्धत. नमुना जड पाण्यात, डी२ओत, विरघळवायचा. प्रोटॉनच्या स्पेक्ट्रममध्ये पहिल्या कार्बनवरचे हायड्रोजन साधारण ४.४ ते ५.५ पीपीएममध्ये येतात, बाकी साखरेच्या हायड्रोजनांची गर्दी ३.२ ते ४.३ मध्ये. सहाव्या कार्बनचा सीएच३ एकटा उजवीकडे, १.२-१.३ जवळ. तो दिसला की सहावा कार्बन डीऑक्सी आहे हे पक्कं. ओगावाचा ओसीएच३ साधारण ३.४-३.५ ला, टोकदार. पण पंधरा एककांमध्ये तो एकच, म्हणून उंची कमी. साखळीची रचना १९७०च्या दशकात सुटली आणि ओगावा-इनाबाचा हा भेद पक्का व्हायला १९९०चं दशक उजाडलं, यात मला नवल वाटत नाही. पाण्याचा उरलेला सिग्नल २५ अंशांना ४.८ जवळ येतो आणि नेमका हवा तो सिग्नल झाकतो. तापमान वाढवलं की पाण्याचा सिग्नल उजवीकडे सरकतो, साखरेचे जवळजवळ तिथेच राहतात. तेव्हा दोन तापमानांना स्पेक्ट्रम घ्या.

अल्फा की बीटा, हा प्रश्न मॅनोजच्या घराण्यात अवघड होतो. ग्लुकोजमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या हायड्रोजनची जोड, जे व्हॅल्यू, मोजली की उत्तर मिळतं: साधारण ८ हर्ट्झ असेल तर बीटा, ३-४ असेल तर अल्फा. मॅनोजमध्ये दुसऱ्या कार्बनवरचा ओएच ॲक्सिअल, म्हणून हायड्रोजन इक्वेटोरियल. पहिल्यावरचा हायड्रोजन कसाही असो, दोघांमधला कोन ६० अंशांच्याच आसपास, जोड दोन्ही वेळा लहान. मग काय करायचं? पहिला कार्बन आणि त्याच्यावरचाच हायड्रोजन यांची जोड मोजायची. ती अल्फात साधारण १७० हर्ट्झ, बीटात १६०. पेरोसामीनमध्ये १७० च्या बाजूला येते, म्हणून अल्फा. हे मला पुस्तक वाचून कळलं नव्हतं. मॉडेल किटमधले गोळे जोडून, खुर्ची हातात फिरवून, कोन डोळ्यांनी पाहिला तेव्हा कळलं. किट विकत घ्या. नसेल परवडत तर काड्या आणि ओल्या मातीच्या गोळ्यांनी बनवा, कोन तेवढे नीट ठेवा.

तुम्हाला रेणू बनवण्यात रस असेल तर हाच रेणू दुसरा प्रश्न विचारतो. मॅनोजच्या चौथ्या कार्बनवर नायट्रोजन बसवायचा आहे, ॲझाइड वापरून, एसएन२ ने. एसएन२ मध्ये कार्बन उलटतो. म्हणजे सरळ केलं तर नायट्रोजन ॲक्सिअल बसेल, आणि आपल्याला तर इक्वेटोरियल हवा. मग आधी चौथ्या कार्बनचा ओएच उलटवून घ्यावा लागेल: ऑक्सिडेशनने कीटोन, रिडक्शनने ॲक्सिअल ओएच, त्याचं ट्रायफ्लेट (सहज सुटून जाणारा गट), आणि मग ॲझाइड. दोनदा उलटून साखर पुन्हा मॅनोजच्या घडणीत येते. वॉल्डन इन्व्हर्जन तुम्ही पाठ केलं असेल. इथे ते कामाला आलं.

एका मुलीने मला गेल्या दिवाळीत गावी विचारलं, "ताई, मले जमन का वो हे? आपलं इंग्रजी तर असंच हाय." मी तिला म्हटलं, साखरेची खुर्ची काढायला इंग्रजी लागत नाही बाई, आणि स्पेक्ट्रम वाचायला तर अजिबात नाही. पण पेपर वाचायला लागतं, हेही खरं, आणि ते लपवून उपयोग नाही. मी केलं ते असं: एका पेपरचा फक्त प्रयोगाचा भाग घ्यायचा. त्यात वाक्यं ठरावीक असतात. विरघळवलं, तापवलं, गाळलं, सुकवलं. तो भाग मराठीत वहीत उतरवायचा. मग निष्कर्षांचा भाग. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण तिचं इंग्रजी सगळ्यात अवघड. तांत्रिक शब्द पन्नास-साठच असतात आणि ते सगळ्या पेपरांत तेच येतात. इंग्रजीसाठी विषय सोडू नका.

कॉलेजात एनएमआर मशीन नाही, याचंही अनेकांना दडपण येतं. मशीन बी.एस्सी.ला नसलं तरी चालतं. वाचायला स्पेक्ट्रम हवेत, आणि ते फुकट मिळतात. जपानचा एसडीबीएस डेटाबेस साध्या रेणूंसाठी उत्तम आहे. जंतूंच्या साखरांसाठी सीएसडीबी हा डेटाबेस आहे, त्यात रचना आणि एनएमआरचे आकडेही सापडतात. स्वयम आणि एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन शिक्षणाच्या सरकारी मंचांवर स्पेक्ट्रोस्कोपीचे चांगले कोर्स आहेत. रोज एक स्पेक्ट्रम, उत्तर झाकून. गावात रात्री लाइट जाते म्हणून मी हे कागदावर छापून घ्यायची. मोबाइलपेक्षा कागदावर जास्त दिसतं असं माझं अजूनही मत आहे.

परीक्षांचं थोडक्यात. एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम द्या. अर्ज पावसाळा सरता सरता निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. अमरावती किंवा नागपूर विद्यापीठात एम.एस्सी. केली तरी दार बंद होत नाही, पुढे सीएसआयआर-नेट आणि गेट आहेत. जेआरएफ (पीएच.डी.साठीची फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. घरी हा आकडा सांगा, कारण "किती वर्षं शिकणार?" या प्रश्नाला तेच उत्तर चालतं. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिराती पाहत राहा. तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप तर अवश्य भरा. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत राहिल्यावर आपल्याला हे आवडतं की नाही, ते कळतं. नाही आवडलं तर तेही तेव्हाच कळलेलं बरं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. 'कॉलऱ्याच्या साखरेचा तज्ज्ञ' अशी जागा निघत नाही. निघतात त्या साखरा मोजता येणाऱ्या माणसाच्या. तोंडावाटे देण्याच्या कॉलरा लशीत किती एलपीएस आहे हे तपासूनच मात्रा ठरते. शांता बायोटेक्निक्सच्या शॅनकॉललाही (तिचं उत्पादन आता थांबलं आहे) ते लागायचं, आणि भारत बायोटेकने २०२४ मध्ये आणलेल्या हिलकॉललाही लागतं. हिलकॉल तर हिकोजिमा प्रकारावर उभी आहे: एकाच जंतूवर मिथिल असलेली आणि नसलेली दोन्ही टोकं. ज्याला ओगावा-इनाबाची रचना कळते त्याला ही कल्पना किती नेटकी आहे ते लगेच समजेल. लशींखेरीज औषध म्हणून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडींवरही साखरा असतात, त्या तपासायला पुणे, हैदराबाद, बंगळुरूच्या कंपन्यांना माणसं लागतात. पगार तिथे बरा. संशोधनातच राहायचं असेल तर आयसर, एनसीएल, आयआयटी मुंबई, आणि कॉलऱ्यासाठीच जन्मलेली कोलकात्याची पूर्वीची नायसेड, आताची एनआयआरबीआय, संस्था. ज्यांना घरापासून लांब जाणं शक्य नाही, विशेषतः मुलींना, त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. किंवा डीएमएलटी (प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका) करून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा विचार करावा. टीसीबीएसवरची, म्हणजे कॉलऱ्याचे जंतू वाढवायच्या माध्यमावरची, पिवळी वसाहत उचलून, अँटिसिरम घालून, वेळेवर 'ओगावा' लिहिणाऱ्या माणसावर गावाची विहीर कधी बंद होते हे अवलंबून असतं. त्या कामाला मी पीएच.डी.पेक्षा कमी मानत नाही.

शेवटी प्रयोगशाळांना लिहायच्या मेलबद्दल, कारण तिथे फार मुलं अडतात. 'मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे' असे पानभर लिहू नका. त्या प्राध्यापकांचा एक पेपर वाचा, पूर्ण नाही कळला तरी चालेल. त्यातली एक रचना स्वतः हाताने काढा, फोटो जोडा. तुम्हाला कळलेली एक गोष्ट आणि न कळलेला एक प्रश्न लिहा. प्रश्न खरा असू द्या: अल्फा कशावरून ठरवलं, मिथिल टोकावरच आहे हे कशावरून. कॉलेजचं नाव, मार्क आणि तुम्ही कधीपासून येऊ शकता हे दोन ओळींत. उन्हाळ्यासाठी लिहायचं असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात पाठवा, उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, तरी नाही आलं तर दुसऱ्याला लिहा. आणि राहायची सोय काय, हे आधीच विचारा. हॉस्टेल नसेल तर पुण्यात दोन महिन्यांचा खर्च घरच्यांना झेपेल का, याचा हिशेब मेल पाठवण्याआधी घरी बसून करा.